घारापुरी: पायऱ्यांवरच्या बायका

मानववंशशास्त्राच्या प्रबंधासाठी या हिवाळ्यात चार वेळा घारापुरीला, म्हणजे एलिफंटा बेटावर, जाऊन आले. मुंबईच्या गेटवेहून लाँचने तासाभराचं अंतर. पहिल्या खेपेला मीही सगळ्यांसारखी तडक लेणी गाठली. ज्यांच्यासाठी गेले होते, त्या बायका तोवर मागे पायऱ्यांवरच राहिल्या होत्या.

कोणी माळा विकतात, कोणी काकड्या-पेरू. काहीजणी नऊवारी नेसून डोक्यावर हांडा-कळशी घेऊन फोटोसाठी उभ्या राहतात, त्याचे पैसे घेतात. त्यांच्याबद्दल ‘पैशासाठी करतात’ एवढंच बोललं जातं, याचा मला राग येतो. उन्हात दिवसभर उभं राहणं हे काम आहे. "हांडा रिकामाच असतो गो, भरलेला घेऊन किती येल उभी राहू?" एक मावशी म्हणाल्या.

त्यांना मी विचारलं, तुम्ही स्वतःला कुठल्या म्हणवता? उत्तर आगरी किंवा कोळी असं येईल, अशी माझी अटकळ होती. त्या म्हणाल्या, "मी मोराबंदरची, शेतबंदरला दिलेली." बेटावर शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर ही तीन गावं. आपल्याला सगळी एकच घारापुरी दिसते. मावशींसाठी मात्र माहेर आणि सासर यांच्यामध्ये अख्खा डोंगर आहे. माझी प्रश्नावली तिथेच बदलली. २०१८ साली समुद्राखालून केबल टाकून बेटावर वीज आली, तेव्हाच्या आठवणीही मग आपोआप निघाल्या. अंधार पडायच्या आत स्वयंपाक उरकायची सवय त्यांची अजून सुटलेली नाही.

जाणार असाल तर सोमवार टाळा, लेणी बंद असतात. संशोधनासाठी जात असाल तर आधी ग्रामपंचायतीत भेटून काय करणार ते सांगा. पर्यटकांना मुक्काम करता येत नाही, त्यामुळे परतीची शेवटची लाँच उतरतानाच धक्क्यावर विचारून ठेवा आणि लाइफ जॅकेट मागून घ्या. खाऊची पिशवी हातात दिसली की माकडं ओढतात. गर्दीच्या वेळी मुलाखत मागू नका, गिऱ्हाईक जातं. सकाळी पहिल्या लाँचने पोहोचलात तर दुकान मांडताना बोलायला सवड असते. रेकॉर्डर दुसऱ्या-तिसऱ्या भेटीला काढा, तोही विचारूनच.

फोटो काढलेत तर पुढच्या खेपेला छापून न्या. मावशींनी माझ्याकडून मागून घेतला तो दुकानापुढे सुनेशेजारी बसलेला.