तुम्ही विचारलंत म्हणून: एवढा मोठा बॉम्ब कशाला?

परंड्यात मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो. बातम्यांत कुठं मोठा बॉम्ब पडला की दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर प्रश्न ठरलेला: "सर, एवढा मोठा बॉम्ब कशाला टाकत्यात? अणुबॉम्ब हाय की त्यांच्याकडं." मला आधी आठवतो तो अण्णांचा बार. फिजिक्स नंतर.

अण्णा, म्हणजे माझे वडील, विहिरी फोडायचे. मुरूम संपून काळा पाषाण लागला की त्यांना बोलावणं यायचं. एकदा कॉम्प्रेसर बंद पडला, होल मारता येईना, आणि मालकाला घाई. अण्णांच्या जोडीदारानं धोंड्याच्या उरावरच चार तोटे (सुरुंगाच्या दारूच्या कांड्या) ठेवले आणि वात पेटवली. आवाज असा झाला की वस्तीवरच्या बैलांनी दावी तोडली. धूर बसल्यावर डोकावलो तर धोंडा तिथंच, चार कपच्या तेवढ्या निघालेल्या. दुसऱ्या दिवशी अण्णांनी त्याच धोंड्यात हातभर होल मारलं, दोनच तोटे सोडले, वरून ओली माती ठासली. नुसतं 'धप्प' झालं. शेजारच्या रानात कुणाला पत्ताही लागला नाही. धोंड्याचे तीन तुकडे.

उघड्यावर फुटलेल्या दारूचा जोर चहूकडं पांगतो. त्यामुळं तिची पोच दुप्पट करायची तर दारू आठपट लागते. दहा टनांचा एक बॉम्ब जेवढी जागा उद्ध्वस्त करेल, त्याच्या दुपटीहून जास्त जागा एकेक टनाचे दहा बॉम्ब लांब-लांब टाकले तर होते. म्हणजे पसरलेली फौज किंवा शहर पाडायला अवाढव्य बॉम्ब हा तोट्याचा धंदा (आमच्या घरात या शब्दाला दोन अर्थ). तो बनवतात ते लहान बॉम्ब कितीही टाकले तरी काम होत नाही अशा जागेसाठी.

हे नीट ओळखलं ते बार्न्स वॉलिस या ब्रिटिश इंजिनिअरनं. बॉम्ब उंचावरून सोडायचा, तो आधी जमिनीत खोल घुसला पाहिजे आणि मग फुटला पाहिजे, असं त्याचं म्हणणं. त्याच्या साडेपाच टनी टॉलबॉयनं जून 1944 मध्ये फ्रान्सातल्या सोम्यूरचा रेल्वे बोगदा डोंगरातून शिरून फोडला. पुढं जवळपास 10 टनांचा ग्रँड स्लॅम आला. जर्मनीतला बीलेफेल्डचा रेल्वेपूल लहान बॉम्बांना कित्येक महिने दाद देत नव्हता. 14 मार्च 1945 ला ग्रँड स्लॅम आणि टॉलबॉय शेजारच्या जमिनीत शिरून फुटले, पायाखालची मातीच हलली, आणि कमानी बसल्या. याला भूकंप-बॉम्ब म्हणत. किल्लारी पाहिलेल्या माणसांपुढं हा शब्द मी जपून वापरतो. पण अण्णांच्या एका बारानं शेजाऱ्याच्या जुन्या बांधीव विहिरीचं कडं असंच ढासळलं होतं, एक खडा न उडता. भरपाई दोन वर्षं फेडली.

नेमका उलटा प्रकार अमेरिकेच्या डेझी कटर बॉम्बचा. व्हिएतनामच्या जंगलात हेलिकॉप्टर उतरवायला मोकळी जागा हवी होती. खड्डा पडला तर उतरणार कुठं? म्हणून 6.8 टनांच्या या बॉम्बच्या नाकाला लांब दांडी लावली. दांडी टेकताच तो जमिनीच्या वरच फुटे, झाडं भुईसपाट आणि खड्डा जवळपास नाहीच. पुढं तो भीती घालायलाही वापरला. 1991 च्या आखाती युद्धात त्याच्या जोडीला इराकी सैन्यावर धमकीची पत्रकं टाकली होती.

त्याचा वारस मोॲब, 9.8 टनांचा. 13 एप्रिल 2017 ला अफगाणिस्तानात नांगरहारमध्ये इसिसच्या बोगद्यांवर टाकला. तो मालवाहू विमानाच्या मागच्या दारातून ढकलतात, त्यामुळं समोर विमानविरोधी तोफा असल्या तर त्याचा उपयोग नाही. टीव्हीवाल्यांनी त्याला अणुबॉम्बच्या पंगतीला बसवलं. मोॲबची ताकद 11 टन टीएनटी या स्फोटकाएवढी, हिरोशिमाच्या बॉम्बची सुमारे 15,000 टनांची. तुम्हीच मांडा गणित.

धाक हाही उपयोगच, हे परंडेकरांना वेगळं सांगायला नको. 1549 मध्ये अहमदनगरला ओतलेली मुलुख मैदान तोफ आपल्याच किल्ल्यावर होती, 1632 मध्ये ती विजापूरला नेली. तिच्या तोंडाला सिंहाचा जबडा आणि त्यात चिरडलेला हत्ती. त्या नक्षीनं गोळा वीतभरही लांब जात नाही.

आणि फोर्डो, इराणचं डोंगराखालचं अणुकेंद्र. 22 जून 2025 ला अमेरिकेनं तिथं जो बॉम्ब वापरला तो 13.6 टनांचा, पण त्यात दारू जेमतेम अडीच टन. बाकी सगळं कडक पोलाद. ही खरं तर आकाशातून सोडलेली पहार, टोकाला तोटा बांधलेली. मोॲबमध्ये बहुतेक वजन दारूचंच, कवच पातळ. म्हणजे तो धोंड्यावर ठेवलेला बार आणि हा ठासलेला. हवा खेळती ठेवायच्या दोन भुयारांत प्रत्येकी सहा, एकामागून एक सोडले, असं अमेरिकेच्या सेनाधिकाऱ्यांनी सांगितलं. पहिल्यानं तोंड मोकळं करायचं, बाकीच्यांनी आत जायचं.

ती बातमी मी अण्णांना वाचून दाखवली. आता ऐकू कमी येतं, त्यामुळं दोनदा वाचली. त्यांनी बराच वेळ सुपारी कातरली आणि विचारलं, "मधल्या मधे मलबा कुणी काढला?"