तुम्ही विचारलंत म्हणून: प्लॉट कुठं घ्यावा?

बेळगावात मी वीसेक वर्षं घरांचे नकाशे काढतोय. लग्नात भेटलेला पाहुणा असो की साइटवरचा गवंडी, विचारणं एकच असतं, "सर, प्लॉट कुठं घेऊ?" त्यांना वाटतं मी कणबर्गी म्हणेन, नाहीतर येळ्ळूर रोड म्हणेन, गुंठ्याचा भाव सांगेन. मी उलट विचारतो, तिथं बस कुठली जाते? किती वेळानं येते? बहुतेकांना ठाऊक नसतं. उतारा बघितलेला असतो, बुडाची, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाची, मंजुरी बघितलेली असते, बोअरला पाणी किती फुटांवर लागतं तेही. बसची चौकशी मात्र कुणी केलेली नसते.

मीही केली नव्हती. 2004 साली बेळगावच्याच शहापूर भागातलं वाटणीचं घर सोडून गावाबाहेरच्या एका नव्या लेआउटमध्ये 30 बाय 40 चा प्लॉट घेतला आणि घर बांधलं. आईला हवेशीर खोली, दारात तुळस. शहापुरात तिची सगळी कामं पायी व्हायची. कोपऱ्यावर गिरणी, पुढं भाजी, देऊळ, डॉक्टर, आणि बाजारात जायचं तर थांबा गल्लीच्या तोंडाशी. नव्या घरापासून थांबा दीड किलोमीटर, वाटेत दिवा नाही, पावसाळ्यात घोट्याएवढा चिखल. सहा महिन्यांनी ती म्हणाली, "घर चांगलं बांधलास, खरं मला कोंडून घातलास." आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण'. ती गेली त्या वर्षी घरात तीन दुचाक्या होत्या. तिला एकही चालवता येत नव्हती.

बसवाल्यांना नावं ठेवणं सोपं आहे. नकाशे काढणाऱ्याला त्यामागचं कारण दिसतं. एकेक सर्व्हे नंबर वेगळा एनए (बिगरशेती) होतो, प्रत्येकाचा लेआउट वेगळा. एकाचा रस्ता दुसऱ्याच्या कंपाउंडला जाऊन अडतो, नाहीतर भातात. बसला आरपार रस्ता लागतो, वळायला जागा लागते आणि दोन्ही बाजूंना माणसं लागतात. इथं तर निम्मे प्लॉट गुंतवणूक म्हणून घेतलेले, त्यांवर गवत. दहा माणसांसाठी बस येते, रिकामी फिरते, मग फेऱ्या कमी होतात. त्या दहाजणांतले आठजण गाडी घेतात आणि उरलेल्या दोघांची बस बंद पडते. हे दोघं बहुतेक वेळा म्हातारी माणसं नाहीतर शाळकरी मुलं असतात.

आणि हे लेआउट पसरतात कुठं? वडगाव, शहापूर, अनगोळच्या शिवारात, जिथं बेळगाव बासमती पिकतो. हलगा-मच्छे बायपासच्या वेळी याच शिवारातले शेतकरी जमिनीसाठी उभे राहिले. ती जमीन अशी विरळ घरांखाली जाताना बघून मला खरोखर वाईट वाटतं, कारण त्यातले काही नकाशे माझ्या हातचे आहेत.

उलटा क्रम शक्य आहे. आधी बसचा रस्ता आखायचा, त्यावर थांबे ठरवायचे, मग थांब्याभोवती वस्ती. केंद्र सरकारच्या 2017 च्या धोरणातही थांब्यापासून 500 ते 800 मीटरच्या आत दाट वस्ती करा असंच सांगितलंय. म्हणजे पाच ते दहा मिनिटांची चाल. ब्राझीलमधल्या कुरितिबानं 1970 च्या दशकात मुख्य बसमार्गांलगतच उंच इमारती वाढू दिल्या. आपल्याजवळ हुबळी-धारवाडला 2018 पासून चिगरी ही जलद बस धावते, स्वतंत्र मार्गिकेतून, सुमारे 22 किलोमीटर. पण ती दोन शहरं आधीच एका रस्त्यावर ओवलेली आहेत. बेळगाव चारी बाजूंनी सुटलंय, त्यामुळं चिगरीची नक्कल इथं चालेल असं मला वाटत नाही.

आमच्याकडं फाटा आहे. वेंगुर्ला रोडनं हिंडलगा, सुळगा, उचगाव फाटा, तुरमुरी, बाची असं शिनोळीपर्यंत जाऊन बघा. तिथं कर्नाटक संपून महाराष्ट्राची हद्द लागते, पण माणसं दोन्हीकडून ये-जा करतातच. चंदगडचा पेशंट बेळगावात येतो, इकडचा कामगार शिनोळीच्या कारखान्यात जातो. प्रत्येक फाट्यावर चहाचं हॉटेल, किराणा, पंक्चरवाला, केशकर्तनालय. हे कुणी आखलं नाही, गाडी थांबली म्हणून झालं. नवीन घरं या फाट्यांच्या चालत्या अंतरात बांधायची, आणि शिवार मोकळं ठेवायचं. खानापूर रोडलाही हेच: पिरनवाडी, मच्छे, उद्यमबाग औद्योगिक वसाहतीचे कामगार. त्यांच्यासाठी थांब्याजवळची काही जमीन लहान घरांकरता राखली पाहिजे. नाहीतर थांब्याजवळ भाव चढतो आणि ज्याला बसची सगळ्यात जास्त गरज तोच लांब फेकला जातो.

"म्हणजे फ्लॅट काय?" असं लगेच विचारतात. आपल्या माणसाला पायाखाली स्वतःची भुई लागते, हे मला कळतं. पण शहापूरच्या गल्लीत टॉवर कुठं आहेत? भिंतीला भिंत, एक-दोन मजले, खाली माग नाहीतर दुकान. तेवढ्यानं बस भरते.

11 जून 2023 पासून कर्नाटकात बायकांना सरकारी साध्या बसचं तिकीट माफ झालं. पोळ्या लाटायला जाणारी, कपड्याच्या दुकानात उभी राहणारी बाई त्या पैशात घरचं भागवते. जिच्या लेआउटला बसच नाही तिच्या पदरात मात्र काही पडलेलं नाही.

तेव्हा प्लॉट बघायला रविवारी सकाळी एजंटाच्या गाडीतून जाऊ नका. मंगळवारी संध्याकाळी सातला सीबीटीवरून, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावरून, बसनं जा, उतरून चालत प्लॉटपर्यंत पोचा, आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला सोबत न्या. परत यायची बस किती वाजता आहे, ते तिथंच विचारा.