189 यादीत का नव्हता?

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी चढत होतं आणि कॉलेज लवकर सुटणार होतं. तेवढ्यात एमएस्सीची विद्यार्थिनी यादी घेऊन आली. ‘‘मॅडम, 189 पहिल्या दहात नाहीये.’’

ट्रिप्सिन आणि कायमोट्रिप्सिन ही प्रथिनं कापणारी एन्झाइम. त्यांच्या अमिनो आम्लांच्या साखळ्या (सिक्वेन्स) एकाखाली एक जुळवून हे दोन गट वेगळे करणाऱ्या जागा शोधणं हा तिचा प्रकल्प. यादी त्या जागांचीच, आणि 189 हा त्यातल्या एका जागेचा क्रमांक. ट्रिप्सिनच्या खिशाच्या (कापायचं प्रथिन जिथे अडकतं त्या खाचेच्या) तळाशी 189 वर अ‍ॅस्पार्टिक आम्ल असतं. त्याच्या ऋण भारामुळे धन भाराचं लायसीन किंवा आर्जिनीन तिथे नीट बसतं. कायमोट्रिप्सिनमध्ये त्या जागी सेरीन असतं. ही जागा सापडत नसेल तर बाकीच्या यादीवर विश्वास कसा ठेवायचा? (57, 102 आणि 195 या उत्प्रेरक, म्हणजे प्रत्यक्ष कापणाऱ्या, जागा इथे वर येत नाहीत, कारण त्या दोन्ही गटांत सारख्याच असतात. मुलं हे नेहमी विसरतात.)

पहिला संशय क्रमांकांवर. 3पीटीबी या प्रथिनरचनेच्या फाइलीत गायीच्या ट्रिप्सिनची अमिनो आम्लं 223 आहेत, पण क्रमांक 16 ते 245 असे धावतात, कारण ते कायमोट्रिप्सिनोजेनवरून (कायमोट्रिप्सिनच्या आधीच्या, निष्क्रिय रूपावरून) घेतलेत. मध्येच क्रमांक गळतात, मध्येच 184ए, 188ए असे घुसतात. साखळीतलं 189 वं अक्षर मोजून घेतलं की हमखास चूक. तिने मात्र जुळवणी बरोबर केली होती.

मग 189 चा कॉलमच, म्हणजे त्या जागी प्रत्येक सिक्वेन्समध्ये कोणतं अक्षर आहे ते, उघडून पाहिला. ट्रिप्सिनच्या गटात जवळजवळ चौथाई सिक्वेन्समध्ये 189 वर सेरीन! गट डेटाबेसमधल्या नावांवरून पाडले होते, आणि ती नावं बऱ्याचदा नुसत्या साम्यावरून एका सिक्वेन्सवरून दुसऱ्यावर चिकटवलेली असतात. आमचा स्कोअर म्हणजे दोन गटांतली अक्षरं किती वेगळी आहेत हे मोजणारा जेन्सन-शॅनन फरक. तो दोनाच्या पायाच्या लॉगने काढला तर स्वच्छ गटांना 1 मिळतो. चौथाई भेसळ झाली की तोच 0.55 वर येतो.

तिने लगेच 189 वर अ‍ॅस्पार्टिक नसलेले सिक्वेन्स काढून टाकले. 189 पहिला आला आणि तिचा चेहरा उजळला. मला तिला थांबवावं लागलं. उत्तर पाहून गट पाडले तर ते उत्तर सापडलं असं म्हणताच येत नाही. कुठे कापतं हे प्रयोगातून तपासलेलीच एन्झाइम घेऊन गट पुन्हा बांधले, सीडी-हिट या प्रोग्रामने 90 टक्क्यांवर सारखे सिक्वेन्स गाळले. 189 यादीत वर आला, पण उरलेले सिक्वेन्स इतके थोडे की कामामुळे नव्हे तर केवळ वंशामुळे वेगळे दिसणारे कॉलमही त्याच्याबरोबर वर आले.

खरी चूक त्याच्याही आधीची होती, आणि ती माझ्या स्क्रिप्टमधली. 30 टक्क्यांहून जास्त गॅप (जुळवणीतली रिकामी घरं) असलेला कॉलम ती सरळ फेकते. 182 आणि 191 या दोन सिस्टीनांच्या मध्ये गायीच्या ट्रिप्सिनमध्ये दहा अमिनो आम्लं आहेत, कायमोट्रिप्सिनमध्ये आठ. म्हणजे दोन कॉलमांत एक अख्खा गट रिकामा, आणि तिथेच कात्री चालली: 189 वाचलं, पण शेजारचं वळण तुटलं. एकटं 189 बदलून ट्रिप्सिनचं कायमोट्रिप्सिन होत नाही. 185–188 आणि 221–225 ही साखळीची वळणंही (लूप) बदलावी लागतात, हे 1992 मध्येच प्रयोगाने दाखवलंय, आणि ही वळणं सब्स्ट्रेटला, म्हणजे कापल्या जाणाऱ्या प्रथिनाला, थेट स्पर्शही करत नाहीत. हे मी दर वर्षी वर्गात सांगते. पुलापाशी 40 फुटांना इशारा आणि 45 ला धोका म्हणजे काय, हे सांगलीतलं पोरही सांगेल. माझ्या 30 टक्क्यांमुळे काय वाहून जातं, हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

आता गॅप हे एकविसावं अक्षर धरलंय. वरच्या दोन वळणांपैकी पहिलं यादीत वर आलं. पण नेमकी गॅप कुठे पडते हे अलाइनर (जुळवणी करणारा प्रोग्राम) ठरवतो, आणि आमच्या अलाइनरची, माफ्टची, पद्धत बदलली की ती एखाददुसरं घर सरकते. शिवाय खिशापासून लांबची, लांबी बदलणारी वळणंही वर आलीत. त्यातली कामाची कोणती आणि नुसत्या वंशाची कोणती? वंशवृक्ष तसाच ठेवून गटांची लेबलं हजार वेळा उलटसुलट करायची आणि दर वेळी स्कोअर काढायचे, असं ठरलंय. तो रन अजून लावायचा आहे.