हीटरमधून गारच वारा येतोय? आधी दोन पाइप चाचपून बघा

ब्लोअर जोरात फिरतोय, नॉब लाल खुणेपर्यंत फिरवलाय, तरी वारा गारच. अशी तक्रार आली की बरेच जण थेट ‘हीटर गेला’ म्हणतात आणि डॅशबोर्ड उघडायच्या गोष्टी सुरू होतात. पण पेट्रोल किंवा डिझेल गाडीचा हीटर स्वतः उष्णता तयार करत नाही. इंजिनात तापलेलं कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) डॅशबोर्डमागच्या एका छोट्या रेडिएटरमधून, म्हणजे हीटर कोअरमधून फिरतं आणि ब्लोअर त्यावरून हवा केबिनमध्ये सोडतो. म्हणून दोष तीनच ठिकाणी असू शकतो: कूलंट तापत नाही, तापलेलं कूलंट कोअरपर्यंत पोचत नाही, किंवा कोअर गरम आहे पण हवा त्यावरून जात नाही. ब्लोअर फिरत असेल तर फ्यूज आणि मोटर यांच्या नादी लागू नका.

सुरुवात कूलंटच्या पातळीपासून, आणि तीही इंजिन पूर्ण थंड असताना. इंजिन गरम असताना कूलंटचं झाकण उघडायचं नाही. आत साधारण १ बार जादा दाब असतो, त्यामुळे १०० अंशांच्या वर गेलेलं कूलंटही उकळत नाही. झाकण सैल होताच ते उसळून तोंडावर येतं. कूलंटच्या बाटलीवरच्या किमान आणि कमाल खुणांच्या मधे पातळी हवी. रेडिएटरला वेगळं झाकण असेल तर तेही उघडून बघा. झाकणाची झडप बिघडली की बाटली भरलेली दिसते आणि रेडिएटर मात्र रिकामा असतो. बऱ्याच गाड्यांत हीटर कोअर उंचावर असतो, म्हणून कूलंट कमी झालं की सगळ्यात आधी हीटर गार पडतो, तापमानाचा काटा नंतर चढतो. तेव्हा हीटर गार पडणं ही कधी कधी इंजिन तापण्याची आगाऊ सूचना असते, तिच्याकडे दुर्लक्ष करून गाडी दामटू नये.

पातळी कमी निघाली तर नुसतं भरून चालत नाही, कूलंट गेलं कुठे ते शोधायचं. होजच्या (रबरी पाइपांच्या) जोडांवर सुकलेले रंगीत डाग, कूलंट फिरवणाऱ्या वॉटर पंपाखाली ओल, पुढच्या सीटखालचा गालिचा ओला. गालिचा ओला असून गोडसर वास येत असेल आणि काचेवर पुसूनही जात नाही असा तेलकट थर बसत असेल, तर कोअर गळतोय. नुसतंच पाणी असेल तर एसीच्या पाण्याची निचरा-नळी तुंबलेली असण्याची शक्यता जास्त. सांडलेलं कूलंट लगेच धुऊन टाका. ते चवीला गोड आणि विषारी असतं, कुत्री-मांजरं चाटतात.

पातळी ठीक असेल तर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. ती उघडी राहून अडकली की कूलंट सतत रेडिएटरमधून फिरतं आणि इंजिन तापतच नाही. याची खूण अशी की उभ्या गाडीत हीटर थोडा कोमट होतो आणि हायवेला लागलं की पुन्हा गार. पंधरा मिनिटं चालवूनही काटा खालीच राहिला तर संशय पक्का. काट्यावर फार विसंबू नका, अनेक गाड्यांत तो तापमानाच्या बऱ्याच मोठ्या टप्प्यात मध्यावरच थांबतो. गाडीच्या संगणकाला जोडायच्या ओबीडी स्कॅनरवर खरा आकडा दिसतो. पी०१२८ हा कोड बहुधा याच दोषाचा. थंड इंजिन सुरू करून रेडिएटरचा वरचा पाइप चाचपला तर तो काही वेळ गार राहून मग एकदम तापायला हवा. पहिल्यापासून हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट उघडाच आहे. (काही इंजिनांत थर्मोस्टॅट खालच्या पाइपाच्या बाजूला असतो, तिथे ही चाचणी फसवते.) काढलेला थर्मोस्टॅट पातेल्यातल्या पाण्यात थर्मामीटरसह तापवून पाहता येतो: त्यावर कोरलेल्या आकड्याच्या आसपास, उदाहरणार्थ ८२ किंवा ८८ अंशांना, तो उघडू लागला पाहिजे आणि गार झाल्यावर पूर्ण मिटला पाहिजे. नवा बसवताना गॅस्केट किंवा ओ-रिंगही नवी घ्या. त्यात हवा जाण्याचं बारीक छिद्र असेल तर ते वरच्या बाजूला ठेवा.

आता खरी निर्णायक तपासणी. इंजिनकडून केबिनच्या भिंतीत शिरणारे हीटरचे दोन रबरी पाइप शोधा. इंजिन पूर्ण तापलेलं, हीटर कमाल गरमवर, ब्लोअर कमी वेगावर ठेवा. हातमोजे घाला, बाही आणि हात पंखा व बेल्टपासून लांब ठेवा. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर काळ्या रबरावर मोजा. चकचकीत धातूच्या क्लिपवर तो खोटा, कमी आकडा दाखवतो.

दोन्ही पाइप गरम असतील तर पाण्याची बाजू बिनघोर, दोष हवेच्या बाजूला. एक चटका देणारा आणि दुसरा कोमट किंवा गार असेल तर कोअर तुंबलाय किंवा त्यात हवा अडकलीय. दोन्ही गार असतील तर कूलंट तिथवर येतच नाही: पातळी, हीटरची झडप (ती सगळ्या गाड्यांत नसते, असेल तर तिची केबल सुटलीय का बघा), नाहीतर वॉटर पंप. पंपाचं प्लॅस्टिकचं पातं दांड्यावर सैल झालं की बाहेरून काहीच दिसत नाही आणि प्रवाह मात्र मरतो.

रेस दिली की गरम आणि आयडलला गार, डॅशबोर्डमागून खळखळ आवाज, आणि नुकतंच कूलंट बदललेलं, असं असेल तर आत हवा अडकलीय. गाडीचं तोंड चढावर करा, हीटर कमाल गरमवर ठेवा, हवा काढायचा एअर ब्लीड स्क्रू असेल तर तो सैल करा आणि थंड इंजिनात सावकाश कूलंट भरा. स्क्रूमधून बुडबुड्यांशिवाय धार आली की तो बंद करा. झाकण लावून रेडिएटरचा पंखा दोनदा सुरू होईपर्यंत इंजिन आयडलला चालू द्या, पूर्ण गार झाल्यावर पातळी पुन्हा भरा. हवा काढली तरी परत परत भरत असेल आणि गळती कुठेच सापडत नसेल तर हेड गॅस्केटकडे (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांमधल्या सीलकडे) वळा. थंड इंजिन सुरू केल्यावर लगेच होज कडक होणं, बाटलीत न थांबणारे बुडबुडे येणं ही त्याची लक्षणं. रसायनाची चाचणीही मिळते, त्यातला निळा द्रव बदलून पिवळा झाला की सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये शिरतोय.

तुंबलेला कोअर लगेच बदलायची घाई माझ्या मते चुकीची. दोन्ही होज सोडून, बाहेर जाणाऱ्या तोंडातून उलटं पाणी सोडा, मग सुलट, पुन्हा उलट, स्वच्छ पाणी येईपर्यंत. दाब कमी ठेवा. कोअरचं ॲल्युमिनियम पातळ असतं, नळ पूर्ण सोडला तर जोड फाटतो. तीव्र ॲसिड तर नकोच. जुना होज निघत नसेल तर पिळू नका, उभा चिरून काढा, कारण कोअरची प्लॅस्टिकची तोंडं कडकन तुटतात आणि मग खरोखरच डॅशबोर्ड उतरवावा लागतो. कोअर तुंबतो तो बहुतेक वेळा नळाच्या पाण्यामुळे, वेगवेगळ्या जातींची कूलंट मिसळल्यामुळे किंवा रेडिएटरची गळती बंद करणारी पावडर टाकल्यामुळे. ही पावडर कोअरच्या बारीक नळ्यांतच आधी जाऊन बसते. भरताना गाडीच्या पुस्तिकेतलं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घ्या. एथिलीन ग्लायकॉलचं असं मिश्रण साधारण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही.

दोन्ही पाइप गरम असताना गार वारा येत असेल तर ब्लेंड डोअर, म्हणजे हवा कोअरवरून न्यायची की बाजूने हे ठरवणारी झडप. नॉब गारकडून गरमकडे फिरवताना डॅशबोर्डमधून टकटक ऐकू आली तर छोट्या मोटरचे प्लॅस्टिकचे दाते तुटलेत. केबलने हलणारी झडप असेल तर बहुधा क्लिप निसटलेली सापडते, ती बसवायला पाच मिनिटं लागतात. ड्रायव्हरकडे गरम आणि शेजारी गार असेल तर त्या बाजूची मोटर तपासा. मात्र त्याचवेळी परतीचा पाइप कोमट असेल तर तो अर्धवट तुंबलेला कोअरच समजा. नवी मोटर बसवल्यावर काही गाड्यांत तिला दोन्ही टोकं शिकवावी लागतात, त्याची पद्धत दुरुस्ती पुस्तिकेत असते. केबिन फिल्टर तुंबला तर वारा कमी येतो, गार होत नाही.

इलेक्ट्रिक गाडीत यातलं फार थोडं लागू पडतं. तिथे विजेवर तापणारा पीटीसी हीटर किंवा हीट पंप (उलटा चालणारा एसीच) असतो आणि त्याला जाणाऱ्या नारिंगी केबलमध्ये शेकडो व्होल्ट खेळत असतात. फ्यूज आणि कूलंटची पातळी बघा, पुढचं प्रशिक्षित मेकॅनिकवर सोडा.