प्रवासासाठी शॉर्टवेव्ह रेडिओ निवडताना

प्रवासात नेण्यासाठी शॉर्टवेव्ह, म्हणजे दूरची केंद्रे पकडणारा लघुलहरींचा रेडिओ घ्यायचे ठरवले, तेव्हा मी आधी बॅटरीचा विचार केला आणि आवाजाचा नंतर. टेकसन कंपनीच्या पीएल-३३० या रेडिओमध्ये जुन्या नोकिया फोनमधली बीएल-५सी ही चपटी बॅटरी बसते आणि ती आजही मोबाइल दुरुस्तीच्या साध्या दुकानात मिळते, ही गोष्ट मला मोठी वाटली. शिवाय त्यात सिंगल साइडबँड (हौशी रेडिओवाले बोलण्यासाठी वापरतात ती प्रक्षेपणाची पद्धत) ऐकण्याची सोय असल्यामुळे ७ मेगाहर्ट्झच्या आसपास चालणारे हौशी रेडिओवाल्यांचे संभाषण ऐकता येते. साध्या संचावर तेच बोलणे बदकांच्या कलकलाटासारखे भासते. मध्यम लहरींसाठी ९ किलोहर्ट्झची पायरी (केंद्र शोधताना रेडिओ एका वेळी जेवढा पुढे सरकतो ते अंतर) निवडता येते ना, हे मात्र अवश्य पाहावे, कारण अमेरिकेतील १० किलोहर्ट्झच्या पायरीवर आपली बहुतेक केंद्रे आपोआप शोधताना निसटतात.

लॉजच्या खोलीत एलईडी दिवा आणि मोबाइलचा चार्जर चालू असला की सारे प्रक्षेपण खरखरीत बुडते. म्हणून दोन्ही बंद करून मी पाचेक मीटरची पातळ वायर खिडकीबाहेर सोडतो आणि तिचा चिमटा अँटेनाच्या टोकाला लावतो. अंधार पडल्यावर तरंगलांबीवरून ओळखले जाणारे ३१ आणि ४९ मीटरचे शॉर्टवेव्ह पट्टे आधी धुंडाळतो. बीबीसी हिंदीचे शॉर्टवेव्ह प्रसारण जानेवारी २०२० मध्ये थांबले, तरी बोट सवयीने अजून तिकडेच वळते.