कंपनी बुडाली, माप राहिलं

परवा शनिवारी आमच्या इथल्या (ओहायो) एका म्हाताऱ्या गनस्मिथ (बंदुका दुरुस्त करणाऱ्या) काकांनी माझी रायफल तपासून दिली आणि पैसे घ्यायला साफ नकार दिला, म्हणून लिहायला बसलो. एरवी हा विषय टाळतो, कारण घरून लगेच प्रश्न येतो, "तुला रे कशाला बंदूक?" एकदाच सांगतो, रेंजवर कागदी टार्गेट मारायला. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्नील कुसाळे असे नेमबाज ज्या कोल्हापूरने दिले तिथल्या लोकांना हे समजावून सांगावं लागू नये. ग्रीन कार्ड आहे, फॉर्म भरलाय, बॅकग्राउंड चेक झालाय, रायफल तिजोरीत कुलपात असते. इथे बंदुकांपायी काय काय होतं ते मलाही दिसतं, पोरं शाळेतून लॉकडाउन ड्रिल करून येतात तेव्हा पोटात गोळा येतो. पण म्हणून माझा छंद वाईट ठरत नाही.

आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्यात बंदुकीचे सुटे भागसुद्धा शस्त्रातच मोजतात. इथे केंद्राच्या कायद्याने बोल्ट रायफलीत (दर गोळीला हाताने बोल्ट, म्हणजे खिट्टी, मागे-पुढे करायची ती) बंदूक म्हणजे फक्त रिसीव्हर, बोल्ट ज्यात सरकतो तो मधला सांगाडा. तो बाहेरून मागवला तर परवानाधारक दुकानातूनच हातात येतो. बॅरल (नळी), ट्रिगर, चॅसी (हे सगळं ज्यात बसतं तो दस्ता) मात्र कुरियरवाला दारात ठेवून जातो. पहिल्यांदा बॅरलचा लांबडा खोका पायरीवर बघून मी खरंच दचकलो होतो. हे बरोबर आहे असं माझं मत नाही, आपला कायदा इथे जास्त शहाणा वाटतो, पण याच ढिलाईमुळे मला आवडीची रायफल जुळवता आली हेही खरं.

आता मूळ मुद्दा. रेमिंग्टन 700 ही रायफल 1962 ची. ती बनवणारी कंपनी 2018 ला दिवाळखोरीत गेली, 2020 ला परत गेली आणि तुकड्या-तुकड्यांनी विकली गेली. पण तिची मापं जिवंत आहेत! रिसीव्हरचा गोल तळ, रिसीव्हर चॅसीला आवळणाऱ्या ॲक्शन स्क्रूंमधलं अंतर, ट्रिगरच्या दोन पिनांची जागा, हे सगळं आज कितीतरी कंपन्या पाळतात, एकमेकांच्या स्पर्धक असूनसुद्धा. एकाचा रिसीव्हर, दुसऱ्याची चॅसी, तिसऱ्याचा ट्रिगर. माझे वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका कारखान्यात लेथवर होते, त्यांना हे फोनवर सांगितलं तर बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "मापाला मान आहे म्हणायचा तिथं."

मान आहे, पण विकणारे लोक डोकं फिरवतात. 'रेमिंग्टन 700 ला बसतो' एवढी एक ओळ लिहून मोकळे. अरे बसतो म्हणजे काय? मूळ 700 मध्ये बोल्ट बाहेर काढायची कळ ट्रिगरलाच जोडलेली असते, पण माझ्यासारख्या कस्टम रिसीव्हरवर बोल्ट स्टॉप (बोल्ट मागे निसटू न देणारी खीळ) डाव्या अंगाला असतो, तिथे ती कळ नसलेला ट्रिगर लागतो. दोन्ही '700 चे'च. स्कोप (दुर्बीण) जिच्यावर बसते त्या रेलचं तेच, मूळ 700 ला 6-48 चे स्क्रू (पहिला आकडा जाडीचा, दुसरा इंचातल्या आट्यांचा), बऱ्याच कस्टम रिसीव्हरना जाडे 8-40 चे, रेल वरून अगदी चपखल बसलेली दिसते आणि स्क्रू म्हणतो मी नाही. दुकानाला मेल केला तर उत्तरात तीच ओळ परत पाठवली. चार शब्द जास्त लिहायला काय जातं यांचं? आपल्याकडचा स्पेअर पार्टवाला निदान जुना पार्ट हातात घेऊन बघतो आणि मगच नवीन देतो.

म्हणून बॅरल बसल्यावर हेडस्पेस (बंद बोल्टचं तोंड आणि चेंबरमध्ये काडतूस जिथे टेकतं ती जागा, यांतलं अंतर) मात्र जाणकाराकडूनच तपासून घ्यायचं ठरवलेलं, कारण तिथे चूक झाली तर काडतुसाची पितळी केस फाटून गॅस थेट तोंडाकडे येऊ शकतो. काकांनी बोल्टमधून फायरिंग पिन आणि इजेक्टर काढला, चेंबरमध्ये गो गेज (कमीत कमी अंतराचं माप, यावर बोल्ट बंद व्हायलाच हवा) ठेवला आणि बोल्टचं हँडल नुसतं सोडलं. ते आपल्या वजनाने खाली येऊन बसलं. मग नो-गो गेज, हा जरासा लांब, यावर बोल्ट बंद होता कामा नये. हँडल वाटेतच थांबलं, काकांनी एका बोटाने हलकं दाबून बघितलं, नाही म्हणजे नाही. .308 विंचेस्टर या माझ्या काडतुसाला या दोन गेजमध्ये फरक फक्त चार थाऊ (इंचाचे चार हजारांश), म्हणजे साधारण 0.1 मिमी. नंतर चॅसीचे स्क्रू 65 इंच-पाउंडला टॉर्क करून दिले, स्कोप धरणाऱ्या रिंगचे 18 ला, आणि प्रत्येक वेळी रेंचचा आकडा मला वाचायला लावला.

आता गावाकडच्या शूटर मित्रांसाठी. "येताना एक ट्रिगर बॅगेत टाकून आण" असे मेसेज येतात. इथून नेताना निर्यातीचे नियम आडवे येतात, तिथे उतरलं की शस्त्र कायदा. कितीही जवळचा असलास तरी आणणार नाही, रागावू नकोस. कुठला ट्रिगर कशाला बसतो हे मात्र कधीही विचार, रात्री-अपरात्री फोन केलास तरी चालेल.