आमच्या पाटाचं पाणी जिथून सुटतं

लहानपणी आजोबांबरोबर रात्री उसाला दारं धरायला, म्हणजे पाणी द्यायला जायचे. मी बॅटरी धरायची, त्यांनी खोऱ्यानं बारं फोडायचं. पाणी आलं की आधी ओंजळभर तोंडावर मारून म्हणायचे, "भंडारदऱ्याचं आहे." श्रीरामपूर तालुक्यातलं आमचं शेत टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटी, त्यामुळे आवर्तन (पाण्याची पाळी) सुटलं तरी पाणी पोचेपर्यंत जीव टांगणीला. पंधरा ऑगस्टच्या आत भंडारदरा धरण भरलं की घरात सगळ्यांचे चेहरे खुलायचे. तो भंडारदरा मी प्रत्यक्ष पाहिला परवा, चाळिशी उलटल्यावर.

शनिवारी जाऊ नका. धरणाजवळच्या शेंडी गावाच्या अलीकडेच गाड्या तुंबल्या होत्या, आणि अम्ब्रेला धबधब्यासमोर इतकी झुंबड की पाण्याचा आवाजच ऐकू येईना. गाडीत मोठ्यानं गाणी लावणाऱ्यांचा मला मनापासून राग आला. रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ घाईत पाहिलं, पुन्हा सवडीनं जायचंय.

धरणाच्या भिंतीपाशी मात्र पाय निघेना. काळा दगड, चुन्यातलं बांधकाम, उंची ८२ मीटर. आमचा पट्टा पर्जन्यछायेतला, दुष्काळानं पोळलेला. त्याला प्रवरा नदीचं पाणी मिळावं म्हणून १९१० साली काम सुरू झालं आणि १९२६ मध्ये संपलं. सोळा वर्षं! गव्हर्नर लेस्ली विल्सनचं नाव भिंतीला मिळालं, आर्थर हिलचं जलाशयाला. दगड वाहणाऱ्यांची नावं कुठेच नाहीत, हे मला खुपलं. इथला साधारण ११ टीएमसी (अब्ज घनफूट) साठा नदीनंच खाली येतो, संगमनेरजवळ ओझरच्या बंधाऱ्यावर अडतो आणि डाव्या-उजव्या कालव्यांत वळतो. त्यातलीच एक धार आजोबांच्या ओंजळीत यायची.

परतताना एका म्हाताऱ्या आजींकडे कणीस घेतलं. "कुठल्या गं तुम्ही?" त्यांनी विचारलं. श्रीरामपूर म्हटल्यावर हातातला पंखा थांबला.

"मंग आमचं पाणी तुमच्याकडंच जातंय की. आजेसासऱ्याची भातखाचरं ह्याच पाण्याखाली हायेत." त्यांनी जलाशयाकडे हनुवटी केली. त्यांची वाडी वर डोंगरात. पावसाळ्यात भात होतो. होळीनंतर हंडा घेऊन खाली उतरायचं.

"तिकडं ऊस असतो ना?"

"असतो."

"उन्हाळ्यातबी?"

"उन्हाळ्यातही," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली, कणसाला मीठ-लिंबू चोळलं आणि माझ्या हातात दिलं. मी ते गाडीत बसेपर्यंत तसंच धरून होते.